छायेवाचूनचे छायाचित्र

दुर्बिणीचा नाद असलेल्या मंडळींत एक मत इतके रूढ होऊन बसले आहे की, त्याची रुजुवात करून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ते मत असे की, चंद्र पाहावा तर अष्टमीच्या आगेमागे, पौर्णिमेला नव्हे. हे मत निराधार आहे असे मुळीच नाही. अष्टमीच्या रात्री सूर्याचे किरण चंद्रपृष्ठावर तिरपे येतात, उजेड आणि अंधार यांच्या सरहद्दीवर उभ्या असलेल्या प्रत्येक पर्वताची सावली कोसच्या कोस लांबते, आणि त्या सावल्यांच्याच आधारे विवरांची खोली व कड्यांची उंची आपल्या डोळ्यांस उमगते. पौर्णिमेला मात्र सूर्य आपल्या पाठीमागे आणि चंद्र आपल्या समोर अशी रचना असल्यामुळे तेथील प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्याच आड दडते, डोंगर सपाट भासतात, आदल्या आठवड्यात ज्यांत डोकावताना जीव दडपून जाई ती विवरे पुसून टाकल्यासारखी दिसेनाशी होतात, आणि नेत्रिकेतून येणारा उजेड इतका प्रखर असतो की पाहणारा क्षणात डोळा बाजूला घेतो. आपल्या भाषेत फोटोला छायाचित्र असा शब्द आहे. ज्या रात्री चंद्रावर छायाच शिल्लक राहत नाही त्या रात्री त्याचे छायाचित्र कशासाठी घ्यावे, असे एखाद्या जाणत्याने विचारले तर ते वावगे म्हणता येणार नाही. पुष्कळ वर्षे मीही याच शिरस्त्याने चालत होतो, आणि पौर्णिमा आली की दुर्बीण झाकून ठेवीत होतो.

परंतु आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आकाशाकडे मान वर करून पाहण्याच्या रात्री अष्टमीच्या नाहीत. त्या पौर्णिमेच्याच आहेत. मार्गशीर्षातील पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेड्याची यात्रा सुरू होते आणि घोड्यांचा नामांकित बाजार भरतो. फाल्गुनातील पौर्णिमेला सातपुड्यातील पाड्यापाड्यांवर ढोल घुमू लागतात, आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीसाठी दूरदूरच्या डोंगरांतून आलेले आदिवासी बांधव सारी रात्र चांदण्यात नाचून काढतात. आश्विनात कोजागिरीला तर घरोघर दूध आटत असते आणि लहानमोठी सारी माणसे अंगणात, परसात वा धाब्यावर जागी असतात. अशाच एका कोजागिरीला गल्लीतील मुले परसात गोळा झाली, आणि दुर्बीण बाहेर का काढली नाही म्हणून मला विचारू लागली. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहण्याजोगा नसतो, हे उत्तर देताना माझे मलाच ते अपुरे वाटले. कारण ज्या चंद्राची ओळख या मुलांना, त्यांच्या आईबापांना आणि त्यांच्याही आज्यापणज्यांना होती, तो चंद्र पौर्णिमेचाच होता. त्या रात्री मी दुर्बीण बाहेर आणली, तिला कॅमेरा जोडला, आणि पौर्णिमेच्या चंद्राचे पहिले चित्र घेतले.

ते चित्र म्हणजे काळ्या पाटीवर ठेवलेली पांढरी चकती होती. तिच्यावर ना डाग, ना रेषा, ना सशाचे चिन्ह. ज्याने कोणी कधी मोबाईलने चंद्राचा फोटो घेतला असेल त्याच्या हाती अशीच चकती लागली असेल, म्हणून तिचे कारण थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. कॅमेरा आपण होऊन उजेडाचा अंदाज घेतो तेव्हा तो चौकटीत सामावलेल्या साऱ्या दृश्याची सरासरी काढतो. त्या दृश्याचा बहुतेक भाग काळेभोर आकाश असल्यामुळे येथे फार अंधार आहे अशी त्याची समजूत होते, आणि तो शटर दीर्घकाळ उघडे ठेवतो. रात्रीचे चित्र म्हणजे अंधाराचे चित्र, अशी आपलीही समजूत असते. वस्तुस्थिती अशी की चंद्रावर त्या वेळी भर दुपार असते. आपण रात्रीत उभे असतो, पण ज्या भूमीचे चित्र घेत असतो तिच्यावर ऊन पडलेले असते, आणि सूर्य तिच्यापासून जवळपास तितक्याच अंतरावर असतो जितका तो आपल्या शेतापासून असतो. म्हणून चंद्राचे चित्र घेण्याचा जुना ठोकताळा उन्हातल्या चित्राच्या ठोकताळ्याचाच भाऊ आहे: भिंगाचे छिद्र एफ ११ असावे, आयएसओ जितका असेल त्याचा व्यस्तांक हा शटरचा काळ धरावा, म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. माझी दुर्बीण एफ ८ ची आहे, म्हणून मला दोनशेव्या भागाच्या आसपास यावे लागते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित कारभार बंद करून हे आकडे हाताने लावले की चकतीवरील पांढरेपणा एकदम उतरतो, आणि काळे डाग जागच्या जागी उमटतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आली तेव्हा मला फार नवल वाटले. चंद्र शुभ्र नाही. कवींनी त्याला रुपे म्हटले, चांदी म्हटले, दुधाचा कटोरा म्हटले. पण त्याच्या पृष्ठावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम बारा टक्के प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे उजळपणाच्या हिशेबात तो झिजलेल्या डांबरी रस्त्याच्या पंक्तीला बसतो. काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो एकटाच उन्हात असल्यामुळे आपल्याला पांढरा दिसतो, इतकेच. अष्टमीचा चंद्र अर्धा म्हणून त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो दशांशाच्याही आत असतो. अष्टमीला त्या खडबडीत भूमीवरील कोट्यवधी लहानमोठ्या सावल्या उजेड खाऊन टाकतात. पौर्णिमेला त्या सावल्या लपतात, शिवाय चंद्रावरील बारीक भुकटी ज्या दिशेने प्रकाश आला त्याच दिशेने तो अधिक प्रमाणात परतवते, आणि चंद्र एकाएकी उजळतो. छायेचा अभाव हा पौर्णिमेचा दोष म्हणून सांगितला जातो, पण तिच्या चांदण्याचे रहस्यही तोच आहे.

साधनांविषयी सांगावयाचे तर फार मोठ्या खर्चाची तजवीज करावी लागते, हा गैरसमज आहे. माझ्या परसातील दुर्बीण सहा इंची अंतर्वक्र आरशाची असून तिचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. असे आरसे हाताने घासून तयार करण्याची परंपरा महाराष्ट्रातील हौशी आकाशनिरीक्षकांत चांगली रुजलेली असून, पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळाही झाल्या आहेत. दुर्बिणीच्या नाभीशी पडणारे चंद्राचे बिंब किती मोठे असेल हे काढण्याची सोपी रीत अशी, की नाभीय अंतराला ११० ने भागावे. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ते सुमारे ११ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे पडते, आणि साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरच्या सेन्सरवर सहज मावते. नेत्रिका काढून तिच्या जागी कॅमेरा बसवावयाचा, म्हणजे दुर्बीणच कॅमेऱ्याचे भिंग होते. यात एक अडचण मात्र बहुतेक सर्वांना येते: कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तोंडापासून आत खोल असतो, जोडणीच्या कड्यासह हे अंतर साडेपाच सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि आरशाच्या दुर्बिणीची फोकसची नळी तितकी आत जाऊ शकत नाही, मग कितीही फिरवले तरी चित्र धूसरच राहते. मी नळीच्या तळचा आरसा दोन बोटे पुढे सरकवून ही अडचण दूर केली. ज्यांना दुर्बीण उघडण्याची भीती वाटते त्यांनी मध्ये फोकस बाहेर सरकवणारे बार्लो भिंग घालावे. आणि ज्यांच्याजवळ मोबाईलखेरीज काहीच नाही त्यांनी तो नेत्रिकेवर पकडीने घट्ट बसवावा, पडद्यावर चंद्रावर बोट दाबून फोकस कायम करावा, आणि उजेड इतका खाली ओढावा की चंद्र प्रथम करडा, निस्तेज वाटेल. तो करडा चंद्रच खरा होय.

फोकसविषयी दोन शब्द अधिक. अष्टमीला सावलीची काळी कड धारदार दिसली की फोकस साधला हे समजते. पौर्णिमेला अशी कड नसल्यामुळे डोळा फसतो. म्हणून जवळच्या एखाद्या ठळक ताऱ्यावर दुर्बीण नेऊन तो सुईच्या अग्राएवढा होईपर्यंत नळी फिरवावी, आणि मग तिला हात न लावता चंद्रावर यावे. बटण बोटाने दाबले की नळी थरथरते, म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावावा. पृथ्वीच्या परिवलनामुळे चंद्र दोन मिनिटांत आपल्या स्वतःच्या रुंदीइतका पुढे सरकतो. नजर लावून बसलेल्यास ही धाव भारी वाटते, तरी सेकंदाच्या दोनशेव्या भागात तिचा परिणाम शून्यवत असतो. मोटारीवाचूनची साधी दुर्बीण पौर्णिमेला चालते ती याच कारणाने. अंधुक तेजोमेघांचे चित्र घेणाऱ्यास जे भाग्य लाभत नाही ते चंद्राचे चित्र घेणाऱ्यास फुकट लाभते.

खरा अडथळा यंत्राचा नसून हवेचा असतो. तापलेल्या तव्यावरून पलीकडे पाहिले असता पलीकडची भिंत जशी लहरताना दिसते, तसे चंद्राचे बिंब दुर्बिणीत लहरत असते, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात तर ते उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखे दिसते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते ओकत राहतो. जुन्या धाब्याच्या घरांचे मातीचे छत त्या मानाने सौम्य, पण तेही निर्दोष नाही. गच्चीपेक्षा परस बरा, परसातही फरशीपेक्षा माती बरी, आणि मातीवर हिरवळ असेल तर उत्तम, असा माझा अनुभव आहे. हिवाळ्यात आमच्या शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या पडतात, एकरच्या एकर जमीन लाल होऊन जाते. ते दृश्य डोळ्यांना कितीही सुखावणारे असले तरी दिवसा तापलेली ती उघडी मैदाने संध्याकाळी हवा अस्वस्थ करतात, म्हणून त्यांच्यावरून वर येणाऱ्या चंद्राचे चित्र घेण्याची घाई करू नये. उगवता चंद्र मोठा दिसतो हाही मनाचाच खेळ आहे. कॅमेऱ्याने मोजले असता तो माथ्यावरच्या चंद्राहून किंचित लहानच भरतो, कारण तो माथ्यावर येतो तेव्हा आपण पृथ्वीच्या जवळपास एका त्रिज्येने, म्हणजे सुमारे सहा हजार किलोमीटरनी, त्याच्या अधिक जवळ गेलेलो असतो. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढून ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. आणि चित्र मध्यरात्री घ्यावे, जेव्हा चंद्र उंच असतो व त्याच्या नि आपल्या मधला हवेचा थर सर्वांत पातळ असतो.

या बाबतीत आमच्या जिल्ह्याला निसर्गाने एक विशेष सवलत दिली आहे. नंदुरबारचे अक्षांश सुमारे २१ अंश २२ कला, म्हणजे कर्कवृत्त येथून फार दूर नाही. म्हणून हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र येथे अगदी माथ्यावर चढतो. इतकेच नव्हे, चंद्राची कक्षा सुमारे १८.६ वर्षांच्या आवर्तनात डोलत असल्यामुळे काही वर्षे तो माथा ओलांडून उत्तरेकडे जातो. २०२५ च्या दत्तजयंतीला, ४ डिसेंबरच्या रात्री, असेच घडले: चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर, म्हणजे त्याच्या सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरच्या अंतराहून बराच जवळ आलेला होता, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो येथील माथ्याच्या पाचसहा अंश उत्तरेकडून गेला. अशा रात्री परसात उभ्या केलेल्या काठीची चांदण्यातली सावली आखूड होत होत शेवटी दक्षिणेकडे पडते, जी गोष्ट मुंबई-पुण्यातील सूर्याच्या बाबतीत वर्षातून काही आठवडेच घडते आणि चंद्राच्या बाबतीत कोणी पाहतच नाही. नळी सरळ वर रोखावी लागते, मान अवघडते, तिपाईचे पाय आड येतात. पण तेथली हवा वर्षातल्या कोणत्याही रात्रीपेक्षा निर्मळ असते.

या उद्योगाला परंपरा आहे, आणि ती ठाऊक असली की परसातली रात्र एकाकी वाटत नाही. १८४० साली न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर याने रुप्याचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राचे चित्र घेतले, तेव्हा त्याला पत्रा वीस मिनिटे चंद्रप्रकाशात ठेवावा लागला; जे काम आज सेकंदाच्या दोनशेव्या भागात होते त्यासाठी त्याने वीस मिनिटे चंद्राचा पाठलाग केला, हे मनात आणले म्हणजे आदराने मस्तक लवते. पुढे हार्वर्डच्या पंधरा इंची दुर्बिणीतून व्हिपल आणि बाँड यांनी घेतलेली चित्रे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात गौरविली गेली. आपल्याकडे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली, तिच्यात वीस इंची आरशाची दुर्बीण आणली, आणि २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण जेऊर येथे तळ देऊन छायाचित्रांत टिपले. त्याच काळात शंकर बाळकृष्ण दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात शिक्षक म्हणून काही वर्षे होते. आजचा आमचा जिल्हा, जो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, तो त्या वेळी खानदेश जिल्ह्याचाच भाग होता. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या या थोर पुरुषाने सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले. खानदेशच्या याच आकाशाखाली त्यांच्याही रात्री गेल्या असतील, हा विचार मला पुष्कळदा धीर देतो.

१९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी हा वारसा हौशी लोकांपर्यंत आणला, आणि आता तो कोठवर पोचला आहे पाहा: मे २०२१ मध्ये पुण्यातील एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरून चंद्राची पन्नास हजारांहून अधिक चित्रे घेतली आणि ती एकत्र करून एकच चित्र सिद्ध केले. तो चंद्र पौर्णिमेचा नव्हता, कृष्ण पक्षातील अर्धा होता. परंतु रीत तीच. हवा सतत लहरत असली तरी मधूनच एखादा क्षण ती स्तब्ध होते. चित्रफीत घेतली तर हजारो चौकटींपैकी काही शेकडे या स्तब्ध क्षणांच्या निघतात, संगणक त्या वेचून काढतो, एकावर एक अचूक बसवतो, आणि त्यांची सरासरी घेतो. शंभर चौकटी एकत्र केल्या की चित्रातील कणी दहापट कमी होते. हे काम करणारे ‘ऑटोस्टाकर्ट’सारखे प्रोग्राम विनामूल्य मिळतात, आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. धान्य पाखडावे, मग दळावे, असाच हा क्रम आहे.

अशा रीतीने तयार झालेले चित्र मी छापून घेतले आणि ओट्यावर ठेवले होते. शहादा तालुक्यात ज्यांची शेती आहे असे एक वयोवृद्ध नातलग घरी आले होते, त्यांनी ते हातात घेतले, चष्मा वर सारून बराच वेळ पाहिले, आणि बोट फिरवीत म्हणाले, “ही काळी. ही बरड. आणि हे पांढरं, ते मुरूम उकरल्यासारखं दिसतं.” चंद्राविषयी मी वाचलेल्या कोणत्याही वाक्याने मला इतके शिकविले नाही. कारण ते अक्षरशः बरोबर होते.

जमिनीच्या दप्तरात मोजणी आणि प्रतबंदी ही दोन निरनिराळी कामे असतात. मोजणीत बांध, चढउतार, क्षेत्र यांची नोंद होते; प्रतबंदीत माती कोणती, काळी की बरड, भारी की हलकी, हे ठरते. अष्टमीचे चित्र ही चंद्राची मोजणी आहे आणि पौर्णिमेचे चित्र ही त्याची प्रतबंदी आहे. सावल्या असताना उजळ दिसणारी भूमी खरोखर उजळ आहे की केवळ सूर्याकडे तोंड करून उभी आहे, हे सांगता येत नाही. सावल्या गेल्या की जे काळे ते काळ्या दगडाचे आणि जे उजळ ते उजळ दगडाचे, एवढाच भेद उरतो. ज्या काळ्या डागांना आपल्या पूर्वजांनी ससा म्हटले, हरिण म्हटले, आणि चंद्राला शशांक व मृगांक अशी नावे दिली, ज्यांना पाश्चात्त्य ज्योतिषांनी समुद्र समजून शांतिसागर, वर्षासागर, अमृतसागर अशा अर्थाची लॅटिन नावे ठेवली, ती मैदाने वस्तुतः तीन अब्ज वर्षांहूनही पूर्वी चंद्राच्या पोटातून उसळून थिजलेल्या लाव्हाची आहेत. तो दगड बेसाल्ट होय. आणि नंदुरबारचा रहिवासी आयुष्यभर बेसाल्टवरच चालत असतो. सातपुडा, तोरणमाळचे पठार, आणि नंदुरबार-धुळ्याच्या मुलखात शेतांमधून एखाद्या पडक्या तटासारख्या मैलोगणती धावणाऱ्या काळ्या पाषाणाच्या भिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाईक म्हणतात, हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तशाच लाव्हाचे अवशेष आहेत, आणि तापीकाठची काळी कसदार माती त्याच दगडाची झीज आहे. सशाच्या अंगाचा आणि आमच्या शेताचा दगड एका जातीचा आहे. उजळ भाग हा त्याहून जुन्या, फिकट, अॅनॉर्थोसाइट नावाच्या खडकाचा. ती आमच्या नातलगांची बरड.

आणि उकरलेला मुरूम? तोही खराच. पौर्णिमेच्या चित्रात दक्षिणेकडे एक तेजस्वी ठिपका दिसतो, आणि त्याच्यापासून सोललेल्या संत्र्याच्या शिरांसारखे पांढरे पट्टे चहूकडे, काही तर दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे, पसरलेले दिसतात. हे टायको नावाचे विवर ८५ किलोमीटर रुंद असून सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वी, एका प्रचंड आघाताने खोदले गेले; त्या वेळी उडालेला ताजा चुरा अद्याप काळवंडलेला नाही. पश्चिमेकडील कोपर्निकस ९३ किलोमीटरचे, आणि त्याचे पट्टे त्या मानाने मंद, कारण ते कित्येक पटींनी वयस्क आहे. अष्टमीला हे पट्टे जवळजवळ दिसत नाहीत. केवळ पौर्णिमेलाच चंद्र आपल्या जखमांचे वय सांगतो. याहून पुढची पायरी म्हणजे चित्रातील रंग संगणकावर थोडे थोडे करून वाढविणे: असे केले की शांतिसागर निळसर होतो, कारण त्याच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम पुष्कळ आहे, आणि त्याला लागून असलेला प्रसन्नसागर तांबूस, गेरूच्या छटेचा होतो. हे रंग बाहेरून भरलेले नसतात. चित्रात ते असतातच, फक्त डोळ्याला जाणवण्याइतके गडद नसतात. जुलै १९६९ मध्ये माणसाने पहिले पाऊल ठेवले ते याच निळसर मातीत, आणि तेथून आणलेल्या दगडांनीच या रंगांचा अर्थ लावून दिला.

या चित्रात काय दिसणार नाही, तेही सांगितले पाहिजे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चे विक्रम जेथे उतरले ती जागा टायकोच्याही दक्षिणेस, ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ आहे; मुलांना मी ती बोटाने दाखवतो, पण यान दिसणे अशक्य आहे. सहा इंची आरशाची सूक्ष्मतेची मर्यादा उत्तम हवेत चंद्रावरील सुमारे दीड किलोमीटर इतकी येते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर, जे बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेल्या विवराचे पृथ्वीवरील दुर्मिळ उदाहरण असून १.८ किलोमीटर रुंद आहे, ते उचलून चंद्रावर ठेवले तर माझ्या चित्रात ते एका ठिपक्याहून अधिक दिसणार नाही. लोणारच्या काठावर उभे राहून ज्यांची छाती दडपली असेल त्यांनी टायकोच्या ८५ किलोमीटरची कल्पना यावरून करावी.

अष्टमीचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. ज्यांना दोन्ही हवे असेल त्यांनी चतुर्दशीला किंवा प्रतिपदेला चित्र घ्यावे. त्या रात्री बिंब जवळजवळ पूर्ण असते, आणि तरी एका कडेला सावल्यांची बारीक किनार राहते, चतुर्दशीला पश्चिमेच्या ग्रिमाल्डी विवराकडे व प्रतिपदेला पूर्वेच्या संकटसागराकडे. तिन्ही रात्रींची चित्रे एकापुढे एक ठेवली तर किनार एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेली दिसते.

पौर्णिमेच्या चंद्रावर एकच सावली पडू शकते, आणि ती आपली. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री, वर्षाच्या अखेरच्या प्रहरांत, खग्रास चंद्रग्रहण आहे. पावणेदहाच्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या छायेत पूर्ण बुडेल आणि सुमारे सव्वा तास तांबड्या प्रकाशात राहील. तो महिना हिवाळ्याचा असल्यामुळे आकाश निरभ्र असण्याची आशा बाळगावयास हरकत नाही, आणि त्या वेळी चंद्र आमच्या परसावर चांगला वर आलेला असेल. त्या अंधुक चंद्रासाठी सेकंदाचा दोनशेवा भाग पुरणार नाही, सेकंद दोन सेकंद शटर उघडे ठेवावे लागेल, आणि तेवढ्या अवधीत चंद्र निसटून जाऊ नये म्हणून दुर्बिणीला त्याच्या चालीने फिरविणारी मोटार पाहिजे. मोटारीचे दातेरी चाक मी गेल्या महिन्यात बसविले. ते अजून मधूनमधून अडते. कोजागिरीला आलेल्या मुलांपैकी एक, जो आता अकरावीला आहे, दर रविवारी येऊन ते घासून नीट करीत असतो.